आकड्याची पावती मागा, आकड्याची पावती द्या

२००१ च्या जनगणनेचे धर्मनिहाय आकडे सप्टेंबर २००४ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा तुमच्यापैकी अनेकांचा जन्मही झाला नसेल. त्या दिवसांत एक आकडा देशभर गाजला. १९९१ ते २००१ या दहा वर्षांत मुस्लिमांची लोकसंख्या ३६ टक्क्यांनी वाढली! त्यावर मथळे झाले, भाषणे झाली, चहाच्या गाड्यांवर चर्चा झडल्या. पुढे जनगणना कार्यालयाला स्पष्ट करावे लागले की तुलनेसाठी योग्य आकडा २९.३ टक्के आहे. पण खुलाशाला मथळ्याइतका आवाज नसतो.

घोटाळा कुठे होता? हिशोब तीन ओळींचा आहे. २००१ मध्ये देशात मुस्लिम होते १३.८२ कोटी. १९९१ च्या मोजणीत होते १०.१६ कोटी. पहिल्या संख्येला दुसरीने भागा, ३६ टक्के वाढ दिसेल. पण १९९१ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये जनगणनाच झाली नव्हती. म्हणजे १०.१६ कोटींत काश्मीर नाही आणि १३.८२ कोटींत आहे. काश्मीरचे सुमारे ६८ लाख मुस्लिम वजा केले की उरतात १३.१४ कोटी. आता भागाकार करा: २९.३ टक्के. त्याच पद्धतीने आधीच्या दशकाचा दर ३२.९ टक्के येतो, कारण १९८१ मध्ये आसामात जनगणना झाली नव्हती आणि तेही लक्षात घ्यावे लागते. थोडक्यात, वाढीचा वेग कमी झाला होता आणि देशात बोलबाला झाला वेग वाढल्याचा.

मला यात कटकारस्थान शोधायचे नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. ३६ हा आकडा लोकांपर्यंत एकटा पोहोचला. त्याच्यासोबत तो ज्यातून निघाला तो भागाकार नव्हता. आठवीतल्या मुलालाही तपासता आला असता असा हिशोब, पण तपासायला तो समोर तर हवा!

मी शिवाजी पेठेत राहतो आणि संध्याकाळी काही मुलामुलींना संगणकावर तक्ते करायला शिकवतो. आमच्या कोल्हापुरात कित्येक तालमींत गणपतीही बसतो आणि मोहरमचे पंजेही. वर्गणी मागायला पोरे आली की म्हातारी माणसे आधी विचारतात, पावती आहे का? आणि सण झाल्यावर जमाखर्च बोर्डावर लागला नाही तर चौकात बोलणी खावी लागतात. शंभर रुपयांच्या वर्गणीची पावती मागणारे आपण, पण आपल्याबद्दलच्या आकड्याची पावती मागत नाही. आणि आपण स्वतः आकडा देतो तेव्हा पावती देतही नाही. हा लेख त्या पावतीबद्दल आहे.

ही पावती देण्याची साधने आज फुकट मिळतात. ज्यूपिटर नोटबुक, आर मार्कडाउन, क्वार्टो ही त्यांची नावे. अभियांत्रिकी, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र शिकणाऱ्यांनी ती ऐकली असतील, वापरलीही असतील. कल्पना सोपी आहे. आपण नेहमी अहवाल कसा लिहितो? एक्सेलमध्ये बेरीज-भागाकार करायचा, आलेला आकडा कॉपी करायचा आणि वर्डमध्ये वाक्यात चिकटवायचा. चिकटवल्या क्षणी आकड्याचा त्याच्या हिशोबाशी संबंध तुटतो. पुढे एक्सेलमध्ये दुरुस्ती झाली तरी वर्डमधला आकडा जुनाच राहतो. या साधनांत मजकूर आणि हिशोब एकाच फाइलमध्ये असतात. एक परिच्छेद मराठीत, त्याखाली दोन-चार ओळींचा कोड, त्याखाली त्या कोडने काढलेले उत्तर किंवा आलेख, मग पुन्हा परिच्छेद. आर मार्कडाउन आणि क्वार्टोमध्ये तर वाक्याच्या मधोमध आकड्याऐवजी कोड लिहिता येतो. फाइल चालवली की त्या जागी उत्तर येऊन बसते. मूळ माहिती बदलली तर फाइल पुन्हा चालवायची, सगळे आकडे आपोआप नवे होतात.

ही कल्पना आजची नाही. अमेरिकेतले संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नुथ यांनी १९८४ मध्ये असा विचार मांडला की प्रोग्राम यंत्राला दिलेल्या हुकमासारखा लिहू नये, माणसाला समजावून सांगणाऱ्या निबंधासारखा लिहावा. त्यांनी स्वतःचे मोठे काम याच पद्धतीने केले आणि ते पुस्तक म्हणून छापले. २००२ मध्ये फ्रीडरिश लाइश यांनी संख्याशास्त्रज्ञांसाठी स्वीव्ह नावाचे साधन आणले, त्यात अहवालाच्या आत हिशोब चालू लागला. त्याच वाटेने पुढे यीहुई शे यांचे निटर आले आणि आर मार्कडाउन आले. दुसरीकडे फर्नांडो पेरेझ यांनी विद्यार्थी असताना २००१ मध्ये आयपायथन सुरू केले. त्यातून २०१४ मध्ये ज्यूपिटर वेगळे झाले. ज्युलिया, पायथन आणि आर या तीन भाषांच्या नावांतून ते नाव आले आहे. क्वार्टो २०२२ मधले.

आपल्या राज्यातही हे काम झाले आहे. मुंबईच्या आयआयटीतल्या फॉसी प्रकल्पात विद्यार्थ्यांनी विज्ञान-अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणे पायथनच्या नोटबुकांत लिहून सगळ्यांसाठी खुली केली. पुस्तकात उत्तर छापलेले असते, तिथे उदाहरण चालवून बघता येते, संख्या बदलून बघता येते. त्याच संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात संगणकाचे धडे मराठीतूनही आहेत. म्हणजे इंग्रजी येत नाही ही अडचण पूर्वीएवढी मोठी राहिलेली नाही.

आता ही पद्धत आपल्याच एका आकड्यावर लावून बघू. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या मुस्लिमांची साक्षरता ७८.१ टक्के होती आणि राज्याची सरासरी ७६.९ टक्के. सच्चर समितीचा अहवाल २००६ मध्ये आला, तेव्हापासून हा आकडा मी दोन्ही बाजूंनी ऐकत आलो आहे. एक बाजू म्हणते, बघा, तुम्ही तर सरासरीच्या पुढे आहात, मागासलेपणाचे रडगाणे कशाला? दुसऱ्या बाजूचे आपले लोक हा आकडा ऐकला की गप्प बसतात किंवा आकडाच खोटा म्हणतात. आकडा खरा आहे. पण तो आणखी एक प्रश्न विचारल्याशिवाय काही सांगत नाही. राज्यातले सुमारे ७० टक्के मुस्लिम शहरांत राहत होते आणि राज्याची शहरी लोकसंख्या होती ४२ टक्के. शहरात शाळा जवळ असतात, साक्षरता जास्त असतेच. म्हणून तुलना अशी करायला हवी:

अपेक्षित = शहरी_साक्षरता * शहरी_वाटा + ग्रामीण_साक्षरता * ग्रामीण_वाटा

ही नुसती मराठी ओळ नाही. पायथन भाषेत देवनागरी नावे चालतात, त्यामुळे चारही नावांना संख्या दिल्या की ही ओळ जशीच्या तशी चालते. फक्त अंक इंग्रजी लिहावे लागतात. राज्याची शहरी साक्षरता ८५.५, ग्रामीण ७०.४ टक्के. वाटा ७० आणि ३०. उत्तर येते जवळपास ८१. म्हणजे शहरातला मुस्लिम शहरातल्या सरासरी माणसाइतका आणि गावातला गावातल्या इतका साक्षर असता, तर आपली साक्षरता ८१ टक्क्यांच्या आसपास असायला हवी होती. प्रत्यक्षात ती ७८.१ होती. वरवर सव्वा टक्क्याची आघाडी दिसते, तिच्या पोटात तीन टक्क्यांची पिछाडी आहे.

हा हिशोब ढोबळ आहे. वयोगट, स्त्री-पुरुष, विभाग असे आणखी भेद घेतले तर उत्तर थोडे हलेल. पण हलवून बघायची सोय हीच तर या पद्धतीची खुबी. तुम्हाला माझा ७० टक्क्यांचा आकडा पटत नसेल तर तिथे दुसरा घाला आणि ओळ पुन्हा चालवा. वाद माझ्या हेतूवर राहत नाही, ओळीवर येतो. आणि ओळीवरचा वाद मिटू शकतो.

छेद कोणता घेतला यावर किती मोठ्या गोष्टी ठरतात, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. मराठा आरक्षणाचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ रोजी रद्द केला, तेव्हा गायकवाड आयोगाच्या तक्त्यांची चिकित्सा झाली. आयोगाने सरकारी सेवेतल्या मराठ्यांचे प्रमाण एकूण पदांशी मांडले होते. न्यायालयाने ते खुल्या प्रवर्गातून भरलेल्या पदांशी मांडले आणि ‘अ’ श्रेणीत ते ३३.२३ टक्के निघाले. निकाल तुम्हाला पटो वा न पटो, संख्या त्याच होत्या, छेद बदलला होता. आपल्या समाजाचेही तसेच. मेहमूदुर रहमान समितीचा अहवाल २०१३ मध्ये आला, २०१४ मध्ये पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला, उच्च न्यायालयाने त्यातला शिक्षणाचा भाग तात्पुरता चालू ठेवला आणि पुढे अध्यादेशाची मुदत संपली. हा प्रश्न पुन्हा उभा राहील तेव्हा भावना उपयोगी पडणार नाही. तक्ते लागतील आणि तक्त्यामागचा हिशोब लागेल.

कोल्हापूरला हे नवे वाटण्याचे कारण नाही. १८९४ मध्ये शाहू महाराज गादीवर आले, तेव्हा संस्थानच्या प्रशासनातल्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. वरचा आकडा आणि खालचा आकडा दोन्ही समोर होते. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्यात पन्नास टक्के जागा राखीव ठरल्या. १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले, त्यामागेही कोण शाळेत आहे आणि कोण नाही याची जाणीव होती. सामाजिक न्यायाची आपल्या शहरातली परंपरा अशी मोजणीशी जोडलेली आहे.

आता आपल्या तरुण गटांकडे वळतो. आपण निवेदने खूप देतो. शिष्यवृत्ती, वसतिगृह, बंद पडलेली शाळा, कब्रस्तानचा रस्ता. ओळखीच्या एका गटाने मोहल्ल्यामोहल्ल्यांत फिरून शाळा सुटलेल्या मुलामुलींची पाहणी केली, मेहनत घेऊन केली. निवेदन एका कार्यालयात दिले. तिथल्या साहेबांनी विचारले, ही टक्केवारी कशाच्या प्रमाणात आहे? घरांच्या, की शाळेत जाण्याच्या वयातल्या मुलांच्या? ज्या मुलीने हिशोब केला होता ती नोकरीसाठी पुण्याला गेली होती. फाइल तिच्या जुन्या लॅपटॉपवर होती. बाकीच्यांना सांगता येईना. साहेबांनी कागद बाजूला ठेवला. पाहणी खरी होती, प्रश्न खरा होता, मुली खरोखरच शाळेबाहेर होत्या. पण हिशोब एका माणसाच्या डोक्यात होता आणि ते माणूस तिथे नव्हते. हिशोब अहवालाच्या आत असता तर गटातल्या कोणीही ओळ दाखवून उत्तर दिले असते.

आपले कार्यकर्ते बदलत राहतात. मुले शिकायला बाहेर जातात, मुलींची लग्ने होतात, कोणी आखातात जातो. म्हणून काम माणसाबरोबर निघून जाणार नाही अशी व्यवस्था आपल्याला इतरांपेक्षा जास्त गरजेची आहे.

काही जण म्हणतात, आपण छोटी माणसे, आपला हिशोब कोण वाचणार? त्यांच्यासाठी एक गोष्ट. २०१० मध्ये कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामवंत अर्थतज्ज्ञांचा शोधनिबंध आला. ज्या देशांचे कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर जाते त्यांची वाढ सरासरी उणे ०.१ टक्के होते, असे त्यात होते. सरकारी खर्चाला कात्री लावावी म्हणणाऱ्या युरोप-अमेरिकेतल्या नेत्यांनी त्याचा आधार घेतला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने अभ्यासाचा भाग म्हणून तो हिशोब पुन्हा करून पाहिला. जुळेना. शेवटी लेखकांकडून एक्सेलची फाइल मिळाली. त्यात सरासरीच्या सूत्रातून पाच देश सुटले होते, शिवाय काही वर्षे वगळली होती आणि देशांना दिलेले वजनही वादग्रस्त होते. दुरुस्त सरासरी निघाली अधिक २.२ टक्के. एका विद्यार्थ्याने जगातल्या मोठ्या वादाची दिशा बदलली, पण कधी? फाइल हाती आली तेव्हा. मधली तीन वर्षे तो आकडा बिनदिक्कत फिरत होता.

हरकती आणखीही आहेत आणि त्या रास्त आहेत.

पहिली: यासाठी प्रोग्रामिंग शिकायचे? थोडे शिकावे लागेल. पण बेरीज, भागाकार, गट पाडणे आणि एक आलेख एवढ्यात आपल्या बहुतेक निवेदनांचे काम भागते. दर पाच जणांच्या गटात एकाला येत असले तरी पुरे. संगणक नसेल तर गूगल कोलॅब मोबाइलच्या ब्राउझरमध्येही उघडते, गैरसोयीचे आहे पण चालते.

दुसरी: हिशोब चालला म्हणजे तो खरा असतो का? मुळीच नाही. पाहणीच खोटी असेल तर कोड खोटेपणा सुबकपणे मांडेल. ज्यूपिटरची एक खोड तर वापरणाऱ्या सर्वांना माहीत आहे. त्यातले तुकडे वर-खाली कोणत्याही क्रमाने चालवता येतात, त्यामुळे पडद्यावर दिसते ते उत्तर वरून खाली चालवल्यावर येईलच असे नाही. म्हणून देण्यापूर्वी सगळे पुसून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एकदा चालवायचे, हा नियम पाळा. शक्यतो दुसऱ्याच्या संगणकावर.

तिसरी हरकत सर्वांत गंभीर आहे. हिशोब उघडा ठेवायचा म्हणजे घरांची यादी उघडी ठेवायची का? कोणत्या गल्लीत कोणाचे घर, कोण एकटी बाई राहते, कोणाचे दुकान कुठे? नाही, हे कदापि करू नका. ७ जून २०२३ ला कोल्हापुरात काय झाले, १४ जुलै २०२४ ला गजापुरात घरांवर आणि मशिदीवर काय ओढवले, हे आपण विसरलेलो नाही. आपल्या माणसांची यादी चुकीच्या हाती पडणे म्हणजे काय, ते वेगळे समजावून सांगायला नको. म्हणून हिशोबाचा कोड उघडा, नावे बंद. पाहणीच्या फाइलमधून नाव, पत्ता, फोन आधीच काढून टाका आणि क्रमांक द्या. एखाद्या गल्लीतली दोन-तीनच घरे एका रकान्यात येत असतील तर ती गल्ली वेगळी दाखवू नका, शेजारच्या भागात मिळवा. आणि नावांची फाइल कोलॅबसारख्या ठिकाणी चढवूच नका, कारण ती कंपनीच्या संगणकावर जाते. ज्यूपिटर आणि क्वार्टो स्वतःच्या संगणकावर, इंटरनेट बंद ठेवूनही चालतात.

दोन भाषांत लिहिणाऱ्यांना याचा आणखी एक फायदा. मराठी अहवालात एक आकडा आणि इंग्रजीत किंवा उर्दूत दुसरा, असे अनेकदा होते, कारण एक मजकूर आधी दुरुस्त होतो आणि दुसरा तसाच राहतो. हिशोब एकदाच लिहून दोन्ही मजकुरांनी आकडा तिथूनच घेतला तर ही तफावत संपते. एक व्यावहारिक सूचना: क्वार्टोमधून वर्ड किंवा वेबपान काढताना देवनागरी सहज येते. पीडीएफ काढताना देवनागरी फाँट वेगळा सांगावा लागतो, नाहीतर अक्षरे गळतात.

घाई कशाची, असे वाटेल. २०२१ मध्ये व्हायची होती ती जनगणना लांबली आणि आता २०२७ ची जनगणना ठरली आहे. त्यात जातींचीही मोजणी आहे. आकडे आले की आपल्याविषयी पुन्हा मथळे होतील, २००४ सारखेच. तोपर्यंत आपल्या गटांनी २०११ च्या तक्त्यांवर हिशोब लिहून ठेवावेत: साक्षरता, शाळागळती, स्त्रियांचे रोजगार, शहर-ग्रामीण फरक. नवे आकडे आले की जुन्या संख्यांच्या जागी ते घालायचे आणि फाइल चालवायची. मथळ्याला उत्तर त्याच दिवशी देता येईल, आणि उत्तरात राग कमी, भागाकार जास्त असेल. उत्तर आपल्याला नकोसे निघाले तरी ते तसेच छापायची तयारी ठेवा. पावती दोन्ही बाजूंना लागू असते.

सुरुवात छोटी करा. तुमच्या मंडळाने किंवा गटाने दिलेले शेवटचे निवेदन काढा, त्यातला एकच आकडा घ्या आणि तो कुठून आला हे चार ओळींत चालेल असे लिहून पाहा.